नेमबाजी : वाचकांचे प्रश्न – घरी भरलेल्या काडतुसाने नेम सुधारतो का?

गेल्या अंकात या सदरात रायफलच्या नळीच्या साफसफाईविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे मात्र नळीविषयी नसून नळीतून जाणाऱ्या काडतुसाविषयी आहेत. परदेशातले नेमबाज आपली काडतुसे घरी बसून स्वतः भरतात, त्याने नेम खरोखर सुधारतो का आणि आपल्याला तसे करता येईल का, असा त्यांचा सूर आहे. त्यांतली चार पत्रे निवडून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा असून ५० मीटर रायफल प्रकारात राज्य पातळीवर खेळतो. परदेशी नेमबाज प्रत्येक काडतुसात दारू तोलून भरतात, असे त्याने चित्रफितींत पाहिले आहे. आयात काडतुसांचा खर्च आम्हाला झेपेनासा झाला आहे. घरी काडतुसे भरली तर खर्चही वाचेल आणि नेमही सुधारेल का? — एक पालक, नाशिक

उत्तर : नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण कायद्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ (पोलिसांच्या बोलण्यातला ‘हत्यार कायदा’) याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्यातही दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, म्हणून ‘नुसते यंत्र आणून ठेवतो, भरत नाही’ ही पळवाटही उरत नाही. खेळाडूला मिळणारा परवाना काडतूस बाळगण्याचा आणि वापरण्याचा असतो, बनवण्याचा नव्हे. मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याची सगळी कारकीर्द पुढे आहे; हा विचार आजच सोडून द्यावा.

दुसरे कारण तांत्रिक आहे. कायद्याची आडकाठी नसती, तरी तुमच्या मुलाच्या प्रकारात ही कल्पना चालली नसती. ५० मीटरला ०.२२ बोअरचे रिमफायर काडतूस वापरतात. सरावानंतर जमिनीवर पडलेली एक पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे पितळी आवरण, उचलून तिचा तळ उजेडात नीट पाहा. मधोमध काही दिसणार नाही. कडेला मात्र फायरिंग पिनने दाबलेली एक बारीक खाच दिसेल. ठिणगी पाडणारे रसायन या काडतुसात वेगळ्या टोपीत नसते, तर तळाच्या दुमडलेल्या किनारीत आतून पसरलेले असते. ती किनार एकदा चेपली की पुंगळीचे आयुष्य संपले. मोठ्या रायफलींच्या काडतुसात मधोमध बसवलेली टोपी, म्हणजे प्रायमर, काढून नवी बसवता येते आणि घरी भरण्याचा सगळा खटाटोप त्या सोयीवर उभा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) कांस्यपदक मिळवले, २०१० मध्ये म्युनिचला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये (फक्त पालथे पडून) जगज्जेत्या झाल्या. या दोन्ही प्रकारांत प्रत्येक स्पर्धकाच्या हाती कारखान्यात भरलेले काडतूसच असते.

मग चांगले नेमबाज करतात काय? ते काडतूस भरत नाहीत, निवडतात. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या तिन्ही कंपन्यांची स्पर्धेसाठीची काडतुसे लॉटनुसार, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या मालावर एक क्रमांक टाकून विकली जातात. खोक्यावरचे नाव तेच आणि किंमतही तीच असली, तरी एका रायफलीला एक लॉट मानवतो आणि दुसरा मानवत नाही. शेजारच्या मुलाच्या रायफलीत हीच गोष्ट नेमकी उलटीही होऊ शकते. म्हणून रायफल पक्क्या चौकटीत आवळून ५० मीटरवर प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्यांचे काही गट पाडतात (भोके जितकी जवळजवळ, तितका गट लहान), आणि ज्या लॉटचे गट सातत्याने लहान येतात त्याचा पुढच्या मोसमापुरता साठा घेतात.

हे इतके बारीक का पाहावे लागते, तेही सांगतो. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात. एक दशांश गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. ही काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३२५ ते ३३० मीटर वेगाने जातील अशी भरलेली असतात. त्या वेगात एक टक्का फरक पडला, तरी ५० मीटरवर गोळी दोन मिलिमीटरहून अधिक वर-खाली लागते, म्हणजे नेमबाजाची काही चूक नसताना अडीच-तीन दशांश गुण जातात.

खर्चाविषयी एवढे सुचवतो की रोजच्या सरावाला मधल्या किमतीचे काडतूस वापरावे आणि लॉट पाहून घेतलेले महागडे काडतूस स्पर्धेसाठी व तिच्या आधीच्या काही दिवसांसाठी राखून ठेवावे. ट्रिगर दाबताना खांदा हलत असेल, तर तो महागड्या काडतुसानेही हलणारच.

प्रश्न : माझा पुतण्या दिवाळीला शिकागोहून येत आहे. तिकडे पावडर आणि प्रायमर दुकानात मिळतात म्हणे. त्याने सामानातून दोन डबे आणले तर चालतील का? — ठाणे

उत्तर : चालणार नाहीत. बंदुकीची दारू आणि सुटे प्रायमर प्रवासी विमानात हातातल्या सामानातही चालत नाहीत आणि खालच्या सामानातही चालत नाहीत, त्यामुळे तो शिकागोच्या विमानतळावरच अडकेल. तेथून चुकून सुटला, तर येथे वरच्या उत्तरातला कायदा त्याची वाट पाहत असेल, आणि मुंबईच्या विमानतळावर ‘दोन डबे दारू आहे’ एवढे सांगून हसत बाहेर पडता येईल, अशी ही दारू नव्हे. त्याला चॉकलेटे आणायला सांगा.

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षे ह्यूस्टनला आहे. येथे .३०८ विंचेस्टर रायफलीने १०० आणि ६०० यार्डांवर लक्ष्यनेमबाजी करतो आणि दीड वर्षापासून काडतुसे स्वतः भरतो. दारू ०.१ ग्रेनपर्यंत तोलतो. प्रत्येक मापाच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर मारून गट मोजतो. कधी अर्धा इंच येतो, तर पुढच्या आठवड्यात त्याच मापाने दीड इंच. चार प्रकारच्या पावडरी आणि तीन प्रकारच्या गोळ्या बदलून झाल्या. माझे कोठे चुकते आहे? — ह्यूस्टन, टेक्सास

उत्तर : तुम्ही जेथे राहता तेथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला फेडरल परवाना लागत नाही (विकायची झाल्यास लागतो), म्हणून या प्रश्नाचे मोकळेपणाने उत्तर देता येते. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतच एका स्नेह्याच्या गॅरेजमध्ये चार दिवस बसून हे काम मी जवळून पाहिले आहे. तो माणूस प्रत्येक गोळी बसवताना यंत्राच्या दांड्यावर हात कसा जातो तिकडे लक्ष ठेवायचा. एखादी गोळी पुंगळीच्या गळ्यात लोण्यात सुरी जावी तशी जायची, तर एखादी अडून अडून. अशी गोळी दिसली की तो ती चटकन बाजूच्या वाटीत टाकायचा आणि त्या वाटीतली काडतुसे सरावालाच वापरायचा. तुमच्या पत्रात दारूच्या वजनाबद्दल पाऊण पान आहे आणि पुंगळीबद्दल एक ओळही नाही. तिकडे येईनच, पण तुमची खरी चूक त्याही आधीची आहे. ती भरण्यात नसून मोजण्यात आहे.

तीन गोळ्यांचा गट फार थोडे सांगतो. रायफल, काडतूस आणि नेमबाज यांत कणभरही बदल न करता तीन-तीन गोळ्यांचे शंभर गट पाडले, तरी ते लहानमोठे येतील, कारण तीन भोकांतल्या सर्वांत लांबच्या दोहोंमधले अंतर हा मोठ्या प्रमाणात नशिबाचा भाग असतो. संख्याशास्त्राप्रमाणे अशा गटांच्या रुंदीत सरासरीच्या आजूबाजूला ३७ टक्के प्रमाण विचलन असते. म्हणजे तुमच्या एका भरणीची (ठरावीक पावडर, तिचे माप आणि गोळी यांच्या जुळणीची) खरी सरासरी एक इंच धरली, तर तिच्यातूनच आज अर्धा इंच आणि पुढच्या शनिवारी दीड इंच येणे यात नवल काही नाही. चार पावडरी आणि तीन गोळ्या तुम्ही बदलल्यात त्या नाणे उडवून आलेल्या छाप्याकाट्यावरून, हे वाचून राग येईल याची मला कल्पना आहे. त्याच हिशेबाने, तीन गोळ्यांचा गट सरासरी एक इंच येणारी भरणी पाच गोळ्यांचा गट सुमारे सव्वा इंच आणि दहा गोळ्यांचा गट जवळजवळ १.६ इंच देते. काडतूस बिघडलेले नसते. भोके वाढली की टोकाची भोके दिसू लागतात. क्लबात खिशातून कागद काढून अर्ध्या इंचाचा गट दाखवणारे सगळे तीन गोळ्यांवर का थांबतात, याचे उत्तर येथेच आहे.

तेव्हा एक भरणी ठरवा, दहा गोळ्यांचे किमान दोन गट पाडा आणि टोकाच्या दोन भोकांमधले अंतर मोजण्याऐवजी गटाचे केंद्र काढून तेथून प्रत्येक भोकाचे अंतर मोजून त्यांची सरासरी घ्या. अशा मोजणीत एक वाह्यात गोळी सगळा निकाल फिरवत नाही. दोन भरण्यांमधला फरक या कसोटीवर दिसत नसेल, तर तो तुमच्यासाठी नाही असे समजून स्वस्तातली भरणी निवडा.

आता दारूच्या वजनाकडे वळू. ०.१ ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. .३०८ मध्ये एवढ्या फरकाने वेग सेकंदाला सुमारे दीड ते दोन मीटर बदलतो, आणि मूळ वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास असल्याने हा फरक ०.२ टक्के होतो. हवेचा रोध क्षणभर बाजूला ठेवला, तर १०० यार्डांवर त्याचा परिणाम मिलिमीटरच्या अंशात आणि ६०० यार्डांवर जेमतेम एक सेंटिमीटर येतो. रोध धरला तर थोडा वाढतो, इतकेच. त्याच ६०० यार्डांवर आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी एका मैलाने चुकला, तर गोळी सुमारे तीन इंच सरकते. तुमचा काटा पुरेसा चांगला आहे. दहापट महाग काटा घेण्यापूर्वी वाऱ्याची निशाणे वाचायला शिका. अंतर तिप्पट झाले की वेगातल्या फरकाने होणारी चूक नऊपटीहून अधिक होते, म्हणून १००० यार्ड खेळणारे लोक मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. त्यांचे ते बरोबर आहे, पण त्यांची गरज तुमची नव्हे.

पुंगळीकडे मात्र तुम्ही जास्त लक्ष द्यायला हवे. पहिल्या बारात पितळ फुगून तुमच्या रायफलीच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीचा, आकार घेते. नंतर डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून तिला पुन्हा लहान करायचे असते, आणि येथे पुष्कळ लोक डाय यंत्राच्या टोकापर्यंत खाली फिरवून मोकळे होतात. पुंगळीचा खांदा (गळ्याकडे निमुळता होणारा भाग) किती मागे ढकलायचा हे मोजून ठरवा; बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हाताने बोल्ट ओढून भरायच्या) रायफलीला इंचाचा एक-दोन हजारांश भाग पुरतो. त्याहून बराच अधिक ढकलला, तर दर बाराला पितळ ताणले जाते, तळाच्या थोडे वर आतून खाच पडू लागते आणि एखाद्या दिवशी पुंगळी तेथेच तुटते. पुंगळीवर तळाजवळ चमकदार कडे दिसू लागले, तर ती टाकून द्या.

गळ्याची गोष्ट वेगळी आहे. पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते आणि दर खेपेला दाबले-फुगवले गेल्याने ते कडक होत जाते. पुण्याच्या तांबट आळीत हंडा ठोकणारा कारागीर मध्येच तो भट्टीत का तापवतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: ठोकून ताठरलेला धातू तापवल्याशिवाय पुन्हा वळत नाही. पाच वेळा वापरलेली पुंगळी आणि एकदा वापरलेली पुंगळी एकाच खोक्यात मिसळली, तर त्यांचे गळे गोळीला सारख्या जोराने धरत नाहीत. माझा स्नेही हाताने ओळखायचा तो फरक बहुतेक वेळा हाच होता. म्हणून पुंगळ्यांचे गट करा, किती वेळा भरल्या ते डब्यावर लिहा आणि काही खेपांनंतर गळा व खांदा तापवून मऊ करा. तापवायचे ते फक्त वरच्या भागाला. तळ कडकच राहिला पाहिजे, कारण सगळा दाब तो झेलतो.

तो दाब किती असतो, याचा विसर पडू देऊ नका. अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे .३०८ ची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे; तुमच्या मोटारीच्या टायरमध्ये तो आकडा ३२ च्या आसपास असतो. आणि हा स्फोट तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर होतो. म्हणून दारूचे माप मी येथे लिहिणार नाही आणि पत्राने विचारले तरी कळवणार नाही. ते पावडर आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतूनच घ्यायचे, तेही तिच्यातल्या खालच्या मापापासून सुरुवात करून. गोळीचे वजन तेच असले, तरी दुसऱ्या कंपनीच्या गोळीला पहिलीचे माप लावायचे नाही. गोळी अधिक खोल बसवली किंवा नळीतल्या आट्यांच्या (आतल्या पिळदार खाचांच्या) सुरुवातीला टेकवली, तरी दाब बदलतो. टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा ठेवा, आणि गोळ्या बसवण्यापूर्वी भरलेल्या पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत विजेरीने डोकावून दारूची पातळी सारखी आहे का ते पाहा. चार पावडरी बदलल्याचे तुम्ही लिहिले आहे; त्यांतल्या तीन आजच टेबलावरून उचलून ठेवा.

गोळ्यांवर मात्र काटकसर करू नका. तुमच्या हाती असलेल्या सगळ्या गोष्टींत गोळीचा एकसारखेपणा सर्वांत मोलाचा आहे, आणि नेमका तोच घरी करता येत नाही. एका चांगल्या कंपनीची लक्ष्यनेमबाजीची गोळी घ्या आणि वर्षभर तीच ठेवा. भरलेले काडतूस सपाट काचेवर घरंगळवून पाहिले, तर गोळीचे टोक डुगडुगते का ते नुसत्या डोळ्यांनाही समजते. फार डुगडुगणारी काडतुसे सरावाला ठेवा. गोळी आट्यांपासून किती दूर बसवायची, ही भरणीची शेवटची बारीक जुळवणी आहे आणि ती दहा गोळ्यांच्या गटांनीच करायची आहे. दीड वर्षात पैसे किती वाचले, हे तुम्ही विचारले नाहीत ते बरे केलेत. माझ्या माहितीत काडतुसे भरून पैसे वाचवलेला कोणी नाही. जो तो वाचलेल्या पैशांतून अधिक गोळ्या मारतो.

प्रश्न : मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, ५६० ते ५७० च्या दरम्यान गुण होतात. छर्रे काट्यावर तोलून वेगळे करावेत, असे एकाने सुचवले. उपयोग होईल का? — कोल्हापूर

उत्तर : या पातळीवर नाही. १० मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे खरे, पण ६० बारांत ३०-४० गुण जातात ते छर्ऱ्याच्या वजनातल्या मिलिग्रॅमने जात नाहीत. उभे राहण्याच्या पवित्र्यात, श्वासात आणि बार सुटल्यानंतर रायफल धरून ठेवण्यात जातात. छर्ऱ्यांची दोनच पथ्ये पाळा. शिसे मऊ असते, म्हणून डबा आदळू देऊ नका आणि ज्याचा मागचा घेर चेपलेला दिसेल तो छर्रा वापरू नका. दुसरे म्हणजे, डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा छापलेला असतो. दोन-तीन मापांचे डबे आणून, रायफल टेकवून, प्रत्येकाच्या दहा छर्ऱ्यांचे दोन-दोन गट पाडा आणि तिच्या रायफलीला मानवेल तो व्यास ठरवून टाका. पुढचा डबा घेताना व्यासाबरोबर लॉटचा क्रमांकही जुळवून घ्या. तो बहुधा डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो.